गूगल बिझनेस प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेस: सांगली-मिरजेच्या छोट्या व्यावसायिकासाठी परीक्षण

सांगलीत कुणी "धंदा ऑनलाइन न्यायचाय" म्हणालं की गाडी थेट इन्स्टाग्रामवर जाते. पान निघतं, भाचा-पुतण्या चार रील करून देतो, लाइक येतात आणि फोन काही वाजत नाही. इथे क्रमच चुकलेला असतो. रील बघणारा माणूस वेळ घालवायला बसलेला असतो. गूगलवर 'मिरजेत तंबोरा दुरुस्ती' किंवा 'सांगलीत भडंग कुठे मिळेल' असं शोधणारा मात्र निघायच्या तयारीत असतो. दुकान उघडं आहे का, नेमकं कुठे आहे आणि फोन कोणत्या नंबरवर लावायचा, एवढंच त्याला हवं असतं. ही तिन्ही उत्तरं एकही रुपया न घेता देणारं साधन म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइल. दुकान, वर्कशॉप, क्लास, दवाखाना, खानावळ, यांपैकी काहीही चालवत असाल तर सुरुवात इथून करा, दुसरा नंबर व्हॉट्सॲप बिझनेसचा आणि बाकी सगळं त्यानंतर, असं आमचं ठाम मत आहे.

या सेवेचं आधीचं नाव गूगल माय बिझनेस. नोव्हेंबर 2021 मध्ये नाव बदललं आणि पुढे वेगळं ॲपही बंद झालं. आता ज्या जीमेलवर प्रोफाइल आहे त्यानं लॉगिन करून गूगलवर स्वतःच्या दुकानाचं नाव टाकलं, की बदल करायची बटणं समोरच येतात. यूट्यूबवरचे बरेच जुने व्हिडिओ अजून ते बंद पडलेलं ॲप शिकवतात, त्यामुळे नवखा माणूस तिथेच अडतो. प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये आणि ग्राहकाशी चॅट करायची सोय जुलै 2024 मध्ये बंद झाली. कुणी या दोन गोष्टी 'करून देतो' म्हणून पैसे मागत असेल, तर त्याची माहिती शिळी आहे.

नाव, वर्ग आणि पिन

नाव पाटीवर आहे तेच टाकायचं. 'अमुक ट्रेडर्स' असेल तर 'अमुक ट्रेडर्स'. त्यापुढे 'सांगली बेस्ट राजापुरी हळद बेदाणा होलसेल' अशी शेपटी जोडली की काही दिवस शोधात वर आल्यासारखं वाटतं, पण हे नियमात बसत नाही. स्पर्धकानं तक्रार केली किंवा गूगलच्या तपासणीत सापडलं तर प्रोफाइल सस्पेंड होतं, म्हणजे नकाशावरून दुकान गायब. मग अपील करावं लागतं, आणि अपील सुरू केल्यावर पुरावे जोडायला फक्त 60 मिनिटं मिळतात. म्हणून परवाना, उद्यम प्रमाणपत्र, दुकानाच्या नावाचं लाइट बिल आणि पाटीचा फोटो आधी मोबाइलमध्ये तयार ठेवा, मगच अपीलचं बटण दाबा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार क्रमांकावरून पूर्ण मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देण्याचं काही कारण नाही.

वर्ग, म्हणजे कॅटेगरी, निवडताना सर्वात जास्त चुका होतात. एक मुख्य वर्ग आणि त्याखेरीज नऊ जादा वर्ग देता येतात, पण वजन मुख्य वर्गालाच. भडंगचं दुकान 'रेस्टॉरंट' म्हणून नोंदवलं तर लोक बसायला टेबल शोधत येतात आणि निराश होऊन दोन तारे देऊन जातात. हळदीचा अडत्या किरकोळ विकतच नसेल, तर मुख्य वर्ग मसाल्यांच्या घाऊक विक्रीचाच हवा, नाहीतर दिवसभर पाव किलोची चौकशी करणारे फोन येत राहतात. मिरजेतल्या वाद्य कारागिरांसाठी 'वाद्य निर्माता' आणि 'वाद्य दुरुस्ती' हे दोन्ही वर्ग आहेत. ज्याची रोजची मिळकत दुरुस्तीवर चालते त्यानं दुरुस्ती मुख्य ठेवावी. वर्गानुसार प्रोफाइलमधली बटणंही बदलतात. खाद्यपदार्थांच्या वर्गाला मेन्यू मिळतो, सेवेच्या वर्गाला सेवांची यादी. त्यामुळे एखादं बटण दिसत नसेल तर आधी वर्ग तपासा.

नकाशावर दुकानाची जागा दाखवणाऱ्या पिनचा प्रश्न गावभाग, खणभाग, वखार भाग अशा जुन्या वस्तीत हमखास येतो. पत्ता टाइप केला की गूगल स्वतःच्या अंदाजानं पिन टाकतं आणि ती मागच्या बोळात पडते. सॅटेलाइट दृश्य लावून, झूम करून पिन शटरच्या समोर ओढून आणा. नंतर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मिरज स्टेशन ते दुकान असा रस्ता लावून बघा. आपल्याच फोनवर तपासण्यात अर्थ नाही, कारण आपल्याला रस्ता पाठ असतो. कुपवाड एमआयडीसीत प्लॉट नंबर लिहिला तरी पिन गेटवर हवी, शेडच्या मधोमध नव्हे. ट्रकवाला पिन बघून येतो आणि कंपाउंडच्या मागच्या बाजूला उभा राहतो.

वर्णनाला 750 अक्षरं मिळतात. त्यात पहिल्या दोन ओळींत काय विकता, कोणत्या भागात आहात आणि किरकोळ की घाऊक एवढं सांगा. 'ग्राहक हाच देव' वगैरे लिहून जागा घालवू नका.

व्हेरिफिकेशनचा व्हिडिओ

व्हेरिफिकेशन म्हणजे दुकान खरं आणि तुमचंच आहे याची गूगलनं केलेली खातरजमा. खरी परीक्षा इथे. पूर्वी पोस्टानं कोड यायचा. आता बहुतेकांना व्हिडिओच मागितला जातो. तो फोनवर त्याच वेळी रेकॉर्ड करावा लागतो, आधी काढलेला चालत नाही. किमान 30 सेकंदांचा, मध्ये न तोडता, एका दमात.

गूगलला त्यात तीन गोष्टी दिसायला हव्यात: जागा खरी आहे, व्यवसाय खरा आहे आणि तुम्हीच तो चालवता. म्हणून सुरुवात रस्त्यावरून करा. चौकाचं नाव असलेली पाटी किंवा शेजारच्या दुकानांच्या पाट्या दिसू द्या, मग कॅमेरा संथपणे आपल्या पाटीवर आणा. त्यानंतर शटरचं कुलूप स्वतः उघडा. हा भाग लोक हमखास विसरतात, पण मालकीचा तोच सर्वात सोपा पुरावा आहे. आत गेल्यावर माल, काउंटर, वजनकाटा दाखवा आणि शेवटी दुकानाचं नाव असलेलं बिलबुक किंवा परवाना दोन-तीन सेकंद स्थिर धरा. माणसांचे चेहरे आणि बँक खात्याचा नंबर दिसू देऊ नका.

व्हिडिओ नाकारला जाण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे पाटी. बऱ्याच दुकानांवर शीतपेयाच्या किंवा मोबाइल कंपनीच्या जाहिरातीची पाटी असते, तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दुकानाचं नाव. तपासणाऱ्याला ते वाचताच येत नाही. दुसरं कारण नावातली तफावत: पाटीवर एक, परवान्यावर दुसरं, प्रोफाइलवर तिसरं. तिन्ही जुळवूनच रेकॉर्डिंगला बसा. तिसरं कारण अंधार. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्ये पाटी पांढरी फटक दिसते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, सूर्य पाठीमागे ठेवून घेतलेला व्हिडिओ सहसा पहिल्याच फेरीत पास होतो. निकालाला काही दिवस लागतात, तोपर्यंत नाव-पत्त्यात बदल करू नका.

फोटो आणि रिव्ह्यू

फोटो जेपीजी किंवा पीएनजी, शक्यतो 720 बाय 720 पिक्सेल आणि 5 एमबीच्या आत. पहिला फोटो रस्त्याच्या पलीकडून घेतलेला हवा, कारण ग्राहक गाडीवरून तोच जुळवत येतो. फुलांच्या रांगोळीत ठेवलेला लक्ष्मीचा फोटो पहिल्या जागी ठेवला तर त्याला काहीच ओळखता येत नाही.

मालाच्या फोटोत बारकावा दिसला पाहिजे. हळदीचं उदाहरण घ्या. पोत्यात भरलेली हळकुंडं सगळीकडे सारखीच दिसतात. एक हळकुंड मोडा आणि मोडलेली बाजू कॅमेऱ्याकडे करून सावलीत फोटो घ्या. आतला गडद केशरी गाभा हीच हळद जाणणाऱ्याची पहिली खूण आहे. पांढऱ्या एलईडीखाली हाच गाभा फिकट पिवळा येतो आणि चांगला माल हलका वाटतो. बेदाण्याचा फोटो पांढऱ्या ताटलीत, बाजूला एक रुपयाचं नाणं ठेवून घ्या. तासगावच्या बाजारात दाण्याचा आकार आणि रंग यांवरच भाव ठरतो, तर मुंबईच्या ग्राहकालाही तो कळू दे.

सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये आणि हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वर्णनात सांगायला हरकत नाही. मात्र पाकिटावर मानांकनाचं चिन्ह छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी लागते. ती नसताना चिन्ह वापरणं बेकायदा आहे.

प्रोफाइलवर 30 सेकंदांपर्यंतचे व्हिडिओही टाकता येतात आणि मिरजेच्या कारागिरांनी या सोयीचं सोनं करावं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून बाहेरचे लोक नावानं शोधू लागतील हे उघड आहे, पण तंबोरा फोटोवरून कुणी घेत नाही. जवारी काढण्याआधी, म्हणजे नाद उघडण्यासाठी घोडी घासण्याआधी, पंधरा सेकंद चार तारा सावकाश छेडा: पंचम, दोन्ही जोडीचे षड्ज, खर्ज. जवारी काढल्यावर त्याच क्रमानं पुन्हा पंधरा सेकंद. फोन घोडीपासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, मागे रंधा चालू नको. नाद कसा उघडला हे ऐकणाऱ्याला या अर्ध्या मिनिटात कळतं. भोपळा, रंगकाम, कोरीवकाम यांचे फोटो त्यानंतर.

रिव्ह्यूबाबत एकच रीत चालते: काम झाल्यावर, ग्राहक समोर असताना मागणं. प्रोफाइलमध्ये रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड तयार मिळतो, तो छापून काउंटरवर लावा. 'पाच तारे द्या, शंभर ग्रॅम भडंग मोफत' हा प्रकार नियमबाह्य आहे. असे रिव्ह्यू उडवले जातात. फक्त खूश ग्राहकालाच लिंक पाठवणं हेही नियमात बसत नाही. नातेवाइकांनी एकाच दुपारी दिलेले पंधरा रिव्ह्यू वाचणाऱ्यालाही ओळखू येतात.

वाईट रिव्ह्यू पैसे देऊन काढता येत नाही. शिवीगाळ, खोटी ओळख, भलत्याच दुकानाबद्दल लिहिलेलं असेल तर तक्रार करता येते आणि तेवढंच काढलं जातं. बाकी ठिकाणी उत्तर द्या: काय झालं, काय दुरुस्त केलं, फोन कोणत्या नंबरवर करायचा. तीन ओळी पुरेत. उत्तर त्या ग्राहकासाठी जेवढं असतं, त्याहून जास्त पुढे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

पाणी चढतं तेव्हा

2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या सांगलीकराला सांगायला नको, पण प्रोफाइलवर वेळ बदलायचं मात्र फार कमी लोकांना सुचतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं की मारुती चौक, गणपती पेठ भागातल्या दुकानदारांची आवराआवर सुरू होते. तेव्हाच दोन मिनिटं काढून 'विशेष वेळ' या पर्यायात पुढचे चार-पाच दिवस बंद असल्याचं टाका. नुकसान मोठं असेल आणि साफसफाईला आठवड्याहून जास्त लागणार असेल तर 'तात्पुरते बंद' निवडा. 'कायमचे बंद' हा पर्याय त्याच यादीत असतो, त्यावर बोट पडू देऊ नका. आणि दुकान उघडल्या दिवशी 'सुरू आहे' असं परत बदलायला विसरू नका. नाहीतर पूर ओसरतो, माल भरला जातो आणि गूगल मात्र येणाऱ्या माणसाला बंदच सांगत राहतं. तात्पुरतं दुसरीकडून, समजा विश्रामबागेतून, विक्री चालवणार असाल तर पिन हलवू नका. एक पोस्ट टाका आणि तिथे नवा पत्ता द्या. पत्ता बदलला की पुन्हा व्हेरिफिकेशन मागितलं जाऊ शकतं.

मालकी कुणाची

प्रोफाइल एजन्सीकडून करून घ्यायला हरकत नाही, पण जीमेल तुमचं हवं. प्रोफाइलला प्राथमिक मालक, मालक आणि व्यवस्थापक अशा तीन पायऱ्या असतात. एजन्सीला व्यवस्थापक करा, तेवढ्या अधिकारात तिचं सगळं काम होतं. उलटं झालं, म्हणजे एजन्सी मालक आणि तुम्ही व्यवस्थापक, तर वाद झाल्यावर वर्षानुवर्षांचे रिव्ह्यू तिच्या हातात अडकतात. आधीच अडकले असतील तर प्रोफाइलवर 'ॲक्सेस मागा' असा अर्ज करता येतो. सध्याच्या मालकाला उत्तरासाठी 3 दिवस असतात, त्यानं उत्तर दिलं नाही तर पुढे स्वतः व्हेरिफिकेशन करून ताबा मागण्याची वाट मिळू शकते.

"गूगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग उद्या बंद होणार, आत्ता पैसे भरा" असे फोन येतात. प्रोफाइलला फी नाही, त्यामुळे असा फोन ठेवून द्या. मोबाइलवर आलेला व्हेरिफिकेशन कोड तर कुणालाच सांगायचा नाही, कारण तो सांगणं म्हणजे मालकी देणं.

व्हॉट्सॲप बिझनेस

गूगल ग्राहकाला दारापर्यंत आणतं. त्याला पुन्हा माल घ्यायला लावायचं काम व्हॉट्सॲप बिझनेस चांगलं करतं. हे ॲपही मोफत. घरच्या नंबरवर सुरू करू नका, वेगळा नंबर घ्या. दुकानात 0233 चा जुना लँडलाइन असेल तर तोही चालतो: कोड एसएमएसऐवजी फोनवर ऐकायचा पर्याय निवडायचा. पाटीवर, पिशवीवर, कॅलेंडरवर छापलेला नंबरच व्हॉट्सॲपचाही झाला तर नव्यानं काही छापावं लागत नाही.

कॅटलॉगमध्ये, म्हणजे ॲपमधल्या मालाच्या यादीत, 500 वस्तू बसतात. पण वीस नीट भरा. प्रत्येक वस्तूला वजन, दर आणि किती दिवस टिकते हे लिहा. दर न लिहिता 'किमतीसाठी मेसेज करा' असं ठेवलं तर निम्मे लोक विचारतच नाहीत. हळदीचे भाव हलतात हे खरं, म्हणून 'दर अमुक तारखेपर्यंत' अशी ओळ टाका आणि ती तारीख पाळा.

लेबल हा या ॲपचा सर्वात कामाचा आणि सर्वात कमी वापरला जाणारा भाग. 'नवी ऑर्डर', 'पैसे बाकी', 'पैसे मिळाले', 'ऑर्डर पूर्ण' ही लेबलं आधीच असतात, त्यात 'कुरिअरला दिलं' एवढं एक वाढवा. दिवाळीत दिवसाला चाळीस चॅट आल्यावर कुणाचं काय राहिलं हे या रंगीत पट्ट्यांवरूनच कळतं.

ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच मेसेज एका वेळी अनेकांना पाठवायच्या यादीत, 256 जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोचतो. "मेसेज पाठवले पण कुणाला मिळालेच नाहीत" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच 'नवा माल आल्याचं कळण्यासाठी नंबर सेव्ह करा' असं सांगा. यावर उपाय म्हणून विकत मिळणाऱ्या बल्क मेसेजच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. लोकांनी स्पॅम म्हणून तक्रारी केल्या की नंबरच बंद होतो आणि त्याच्याबरोबर जमवलेले ग्राहकही जातात.

मोठी ऑर्डर देतो म्हणून सांगणारा, आगाऊ पैशांसाठी क्यूआर कोड पाठवणारा आणि "स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील" म्हणणारा माणूस चोर असतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

पार्सलचं गणित

ऑनलाइन ओळख वाढली की बाहेरगावच्या ऑर्डरी येतात आणि तिथे भडंगवाल्यांचं गणित फसतं. बहुतेक खासगी कुरिअर खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5000 ने भागतात आणि ते वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त निघालं तर त्यावर पैसे लावतात. 30 बाय 25 बाय 20 च्या खोक्याचं असं वजन येतं 3 किलो. चुरमुऱ्यांच्या भडंगनं ते खोकं गच्च भरलं तरी काट्यावर त्याच्या निम्मंसुद्धा भरत नाही. ग्राहकाला मालाइतकंच भाडं सांगावं लागतं आणि ऑर्डर तिथेच मोडते. यावर उपाय कॅटलॉगमध्येच करा: भडंगबरोबर अर्धा किलो हळद आणि अर्धा किलो बेदाणे असा एक संच ठेवा. जड वस्तू तळाशी, भडंग वर. त्याच भाड्यात विक्री वाढते. तेलकट पाकीट नुसतं चिकटवलेलं नको, दोन्ही कडा सील केलेलं हवं, नाहीतर खोक्याला डाग पडतात आणि भडंग मऊ पडते. पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किंमत, तारीख आणि अन्नपरवान्याचा 14 अंकी क्रमांक लागतोच.

बेळगाव, अथणी आपल्याला परकं वाटत नाही, पण ते दुसरं राज्य आहे. करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. ही नोंदणी नसेल तर कॅटलॉगवर 'महाराष्ट्रातच पाठवतो' असं स्पष्ट लिहा.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूब

इन्स्टाग्राम चेहरा आणि हातकाम दाखवायला चांगलं आहे. सतारीवरचं कोरीवकाम, केक, मेंदी, साडीवरचं काम यांना ते मानवतं. हळदीच्या घाऊक व्यापाऱ्याला त्यातून फारसं हाती लागत नाही. बिझनेस खात्याला लोकप्रिय चित्रपटगीतं रीलसाठी मिळत नाहीत. ती बाहेरून चिकटवून जाहिरात केली तर आवाज बंद होऊ शकतो, म्हणून कामाचा खरा आवाज वापरा. कुणाची जाहिरात पैसे किंवा भेट घेऊन करत असाल तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. व्यवसायातून मिळालेल्या भेटवस्तूंची किंमत एकाकडून वर्षात 20,000 रुपयांच्या वर गेली तर देणाऱ्याला त्यावर 10 टक्के टीडीएस भरावा लागतो, तो आपल्या विवरणपत्रात दिसतो का ते बघा.

यूट्यूबवरून थेट कमाई होते, पण वेळ लागतो. जाहिरातींचा वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि मागच्या 12 महिन्यांत 4,000 तास पाहणं, किंवा 90 दिवसांत शॉर्ट्सना 1 कोटी व्ह्यू लागतात. मोठ्या व्हिडिओवर जाहिरातीचा 55 टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्सवर 45 टक्के. खात्यात 10 डॉलर झाले की पत्ता तपासायला पोस्टानं पिन येतो. गावाकडे हे पाकीट हरवण्याचं प्रमाण मोठं, म्हणून पत्त्यात पिनकोड आणि जवळची ठळक खूण टाका आणि पोस्टमनला आधीच सांगून ठेवा. पैसे 100 डॉलरच्या वर गेल्यावरच बँकेत येतात. अमेरिकी कराचा फॉर्म सुरुवातीलाच भरा. तो भरला तर फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांकडून आलेल्या भागावर 15 टक्के कापले जातात. न भरल्यास सगळ्याच कमाईवर 24 टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. द्राक्षछाटणी, बेदाणा शेड, हळद शिजवणं असे विषय शिकवणाऱ्या माणसाला यूट्यूब योग्य आहे. फक्त माल विकायचा असेल तर तोच वेळ गूगलवरच्या फोटोंवर घाला.

घरून काम करणाऱ्यांसाठी

डबे, पापड, शिवणकाम घरून करणाऱ्या महिलांना गूगलवर घराचा पत्ता दाखवायचा नसतो. त्यासाठी पत्ता लपवून फक्त सेवा देत असलेला परिसर लिहिता येतो: सांगली, मिरज, कुपवाड, माधवनगर असे 20 पर्यंत भाग. हा परिसर घरापासून साधारण दोन तासांच्या गाडीच्या अंतराबाहेर जाऊ नये, त्यामुळे यादीत मुंबई लिहू नका. एक अट मात्र लक्षात घ्या. ग्राहकाशी समोरासमोर गाठ पडली पाहिजे. स्वतः डबा पोचवत असाल किंवा मापं घ्यायला जात असाल तर प्रोफाइल मिळतं. सगळा माल फक्त कुरिअरनं जात असेल तर मिळत नाही, तिथे व्हॉट्सॲप कॅटलॉग आणि इन्स्टाग्रामच धरावं. व्हेरिफिकेशनच्या व्हिडिओत दुकानाची पाटी नसली तर शिलाई मशीन, मोठी पातेली, डब्यांची रास, छापील लेबलं आणि नावाचं प्रमाणपत्र दाखवा. घराचं दार उघडतानाही दाखवावं लागतं, पण हा व्हिडिओ तपासणीपुरताच असतो, तो प्रोफाइलवर कुणाला दिसत नाही.